अली विरुद्ध टायसन? आधी रात्र ठरवा, मग बोलू

प्रश्न असा आलाय की प्राइममधला, म्हणजे ऐन भरातला, टायसन आणि प्राइममधला अली समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, आणि त्याला जोडून दुसरा, की मार्सियानो आजच्या दोन मीटर उंचीच्या हेवीवेटांसमोर टिकला असता का. पंचवीसेक वर्षं बॉक्सिंग शिकवतोय, हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि मी तो कधीच टाळत नाही, कारण ह्या गप्पांमधूनच मुलं फाइट बघायला शिकतात, नुसता नॉकआउट बघणं सोडून पाय कुठे पडतायत, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच, मारून हात परत कुठे येतोय हे बघायला लागतात.

पण उत्तर द्यायच्या आधी माझी एक अट असते. नाव सांगू नका, तारीख सांगा. "प्राइम अली" म्हणजे कोणता अली? 14 नोव्हेंबर 1966 ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राऊंडमध्ये संपवणारा अली वेगळा, आणि 1974 मध्ये किन्शासाला रोपवर पाठ टेकून फोरमनचे पंच खात बसलेला अली वेगळा. मध्ये साडेतीन वर्षं त्याला खेळूच दिलं नव्हतं, परत आला तेव्हा ते पाय आले नाहीत. पाय गेले म्हणून मार खायची ताकद दिसली, पाय होते तेव्हा ती दाखवायची वेळच आली नव्हती. लोक काय करतात, 66 चे पाय आणि 74 ची सहनशक्ती एकाच माणसात घालतात आणि म्हणतात हा हरणार नाही. असा माणूस कुठल्याच रात्री रिंगमध्ये उतरलेला नाही.

उलट बाजूनेही तेच. बस्टर डग्लसने 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत टायसनला दहाव्या राऊंडमध्ये झोपवलं, त्या रात्रीचा डग्लस मी कोणत्याही काळातल्या टॉप दहा जणांसमोर उभा करायला तयार आहे. तोच डग्लस आठ महिन्यांनी होलीफील्डसमोर साडेसहा किलो जास्त वजन घेऊन आला आणि तिसऱ्या राऊंडमध्ये संपला. मग "डग्लस चांगला होता का" ह्या प्रश्नाला अर्थ काय? कोणती रात्र ते सांगा.

दुसरी गोष्ट नियम. आज टायटल फाइट 12 राऊंडची असते, हेवीवेटला ग्लव्ह 10 औंसचा. जुन्या लोकांचे ग्लव्ह ह्यापेक्षा हलके असायचे आणि राऊंड 15, जॅक जॉन्सनच्या काळात तर 45 राऊंडची फाइट ठरायची. हा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. 1952 मध्ये मार्सियानो वॉलकॉटकडून चॅम्पियनशिप घेतो ती तेराव्या राऊंडमध्ये, तोपर्यंत पॉइंट्सवर तो मागे होता, पहिल्याच राऊंडमध्ये खालीही पडला होता. म्हणजे आजच्या नियमात ती फाइट संपली असती, वॉलकॉट चॅम्पियन राहिला असता आणि 49-0 हा आकडा, 49 फाइट आणि एकही हार नाही, आज कोणाच्या तोंडी नसता. 1941 मध्ये बिली कॉन जो लुईसमोर बाराव्या राऊंडनंतर पुढे होता, त्याने फक्त लांब राहायचं होतं, पण बाराव्यात लुईला हलवल्यावर त्याला नॉकआउटचा मोह झाला आणि तेराव्याला दोनच सेकंद उरले असताना तो आउट. बारा राऊंडच्या जगात कॉन हेवीवेट चॅम्पियन झाला असता. 1982 मध्ये किम डक-कू रिंगमधल्या मारामुळे गेला, त्यानंतर एकेका संघटनेने 15 चे 12 केले, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं, पण काळ ओलांडून फाइट लावताना हे आधी ठरवावंच लागतं, कारण दम धरून शेवटी मारणारा माणूस 12 मध्ये अर्धा होतो.

तिसरी गोष्ट, अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं म्हणून अ क ला हरवेल हे गणित इथे चालत नाही. फ्रेझियरने 8 मार्च 1971 ला अलीला पंधरा राऊंडमध्ये हरवलं, पंधराव्यात डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या पंचने, पाडलंही. फोरमनने जानेवारी 1973 मध्ये त्याच फ्रेझियरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडलं. मग 1974 मध्ये फोरमन अलीचं काय करेल? आठव्या राऊंडमध्ये फोरमन जमिनीवर. तिघेही महान, तिघांचाही एकमेकांशी हिशोब वेगळा, कारण फ्रेझियर पुढे वाकून थेट आत येतो आणि फोरमनचा अपरकट, खालून वर येणारा पंच, बरोबर तिथेच उभा असतो, शिवाय फोरमन दोन्ही तळव्यांनी खांदे ढकलून त्याला मापात ठेवायचा. अली तिथे नसायचाच.

आता टायसन-अली. मी 1966-67 चा अली घेतो आणि जून 1988 चा टायसन, ज्या महिन्यात त्याने स्पिंक्सला 91 सेकंदात संपवलं. ट्रेनर केव्हिन रूनी अजून कॉर्नरमध्ये आहे, डोकं हलतंय, जॅबमागून आत येणं चालू आहे. त्यानंतरचा टायसन मला नकोच, पंच तोच होता पण डोकं हलायचं थांबलं होतं.

अलीमध्ये चुका होत्या, आणि ह्या चुका माझ्याकडच्या कोणी केल्या तर मी त्याला थांबवतो. हात कमरेपाशी, आणि पंच आला की डोकं सरळ मागे. वेग होता म्हणून पचलं. पण सरळ मागे जाणाऱ्या हनुवटीला डावा हुक सापडतो. 1963 मध्ये हेन्री कूपरला सापडला, चौथ्या राऊंडच्या शेवटी अली खाली होता. फ्रेझियरला सापडला. टायसनचा डावा हुक ह्या दोघांपेक्षा कमी नव्हता, आणि तो हुक मारताना उडी मारून अंतर खायचा, म्हणजे मागे झुकून वाचलो असं वाटणाऱ्यालाच लागायचा. त्यामुळे पहिले तीन-चार राऊंड अलीसाठी खरोखर धोक्याचे. कोणी म्हणालं की टायसन दुसऱ्यात संपवतो, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

पण मी अली का म्हणतो ते सांगतो. टायसनची उंची 5 फूट 10, रीच, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, 71 इंच. अली 6 फूट 3, रीच 78. सात इंच जास्त नुसते असून उपयोग नाही, ते वापरणारा हवा. स्पिंक्सकडेही रीच जास्त होती, तो बेल वाजायच्या आधीच हरलेला होता. अलीला भीती नव्हती असं मी म्हणत नाही, लिस्टनच्या वेळी 1964 मध्ये तो घाबरलेला असणारच, कोणीही असता, पण घाबरून त्याचे पाय थांबायचे नाहीत, उलट जास्त चालायचे. आणि टायसनचा इतिहास बघा. 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथने त्याला पकडून पकडून बारा राऊंड काढले. त्याच वर्षी टोनी टकरने बारा काढले. हे दोघे अलीच्या जवळपासही नव्हते. टायसनचे बहुतेक नॉकआउट पहिल्या काही राऊंडमधले, सहाव्यानंतर त्याचं कॉम्बिनेशन एकेका पंचावर यायचं, एक मारायचा आणि क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याशी मिठीत अडकून, उभा राहायचा. फ्रेझियर असा नव्हता, फ्रेझियर चौदाव्या राऊंडमध्येही पहिल्यासारखाच यायचा. अलीला त्रास देणारा माणूस तो, सतत येणारा. टायसन सतत येत नाही, टायसन लाटेसारखा येतो.

क्लिंचचं इथे बोलायलाच हवं कारण बहुतेक लोक तेवढा भाग बघतच नाहीत. अली एका हाताने समोरच्याची मान मागून धरायचा आणि खाली दाबायचा, जानेवारी 1974 च्या दुसऱ्या फ्रेझियर फाइटमध्ये त्याने हे सगळ्यात जास्त केलं. टायसनचं सगळं मशीन गुडघ्यातून वर येण्यावर आहे, खाली वाकायचं आणि वर येता येता मारायचं. मान दाबून ठेवली की तो वर येऊ शकत नाही, पायातली ताकद वाया जाते. नियमाने हे चुकीचंच आहे, म्हणून रेफरी कोण हेही ठरवावं लागेल. कडक रेफरी असेल, दोन पॉइंट कापले, तर फाइट बदलते. मी साधा, मध्यम रेफरी धरतो.

आणि डग्लसची ती फाइट परत बघा, ह्या वेळी आवाज बंद करून, फक्त डग्लसचा डावा हात बघा. जॅब, जॅब, मग उजवा, मग बाजूला एक पाऊल किंवा सरळ मिठी. आठव्यात टायसनचा उजवा अपरकट लागून डग्लस पडला, उठला, आणि नवव्यापासून परत जॅब. दहाव्यात तो अपरकट, डोकं मागे उडालं, मागोमाग चार पंच, आणि टायसन हाताने माउथपीस शोधत उठायला बघतोय. त्या जॅबपेक्षा अलीचा जॅब जास्त वेगाचा होता आणि पाय तर तुलनाच नको. म्हणून माझं मत: अली, दहा ते बाराच्या दरम्यान थांबवून, मध्ये एकदा पडून. शंभर वेळा लावली तर टायसन तीसएक वेळा जिंकेल आणि त्या सगळ्या चार राऊंडच्या आत.

आता मार्सियानो. हा माणूस मला मनापासून आवडतो म्हणून ह्याचं उत्तर देताना त्रास होतो. 84 किलो, रीच जेमतेम 68 इंच, आणि तरीही 49 पैकी 43 नॉकआउट. त्याने नुसत्या हनुवट्या नाही मारल्या, तो दंडावर मारायचा, खांद्यावर मारायचा, समोरच्याला गार्ड वर ठेवणं जड व्हावं म्हणून. त्याचे ट्रेनर चार्ली गोल्डमन ह्यांनी त्याची उंची वाढवायचा प्रयत्न केला नाही, उलट त्याला अजून खाली वाकवलं, म्हणजे उंच माणसाला खाली मारावं लागेल. ही खरी कोचिंग.

पण आज हेवीवेटच्या खालच्या गटाची, क्रूझरवेटची, मर्यादा 200 पौंड, म्हणजे 90.7 किलो आहे. मार्सियानो त्याच्याही सहा-सात किलो खाली. तो आज हेवीवेट नाहीच. क्रूझरवेटला लावा, मी त्याला कोणासमोरही धरीन.

लोक म्हणतात आकाराचं काय घेऊन बसलात, डेम्पसीने विलार्डला मारलंच ना. मारलं, 4 जुलै 1919, टोलेडो. डेम्पसी 85 किलो, विलार्ड 111 किलो आणि साडेसहा फूट, पहिल्याच राऊंडमध्ये सात वेळा पाडला. पण तेव्हा पाडल्यावर दूरच्या कॉर्नरमध्ये जायचं बंधन पाळलं जात नव्हतं, डेम्पसी डोक्यावरच उभा, विलार्ड गुडघा उचलतो न उचलतो तोच पुढचा पंच. आणि विलार्ड 37 वर्षांचा, तीन वर्षांत एकही टायटल फाइट न खेळलेला. हा पुरावा अर्धाच आहे. पुढे 1927 मध्ये शिकागोला त्या कॉर्नरच्या नियमानेच डेम्पसीचा घात केला, टनी पडला आणि हा कॉर्नरमध्ये जाईना, रेफरीने मोजायला उशिरा सुरुवात केली आणि टनीला ते जास्तीचे सेकंद मिळाले.

मोठ्या माणसाचा खरा प्रश्न त्याचा पंच हा नसतोच. त्याचं वजन असतं. माझ्याकडे एकदा एक 80 किलोचा फार हुशार मुलगा आणि 110 किलोचा साधारण मुलगा स्पारिंग करत होते. पहिले दोन राऊंड लहानाने त्याला हवं तसं मारलं. मी मोठ्याला एवढंच सांगितलं, मारू नको, आत आला की मिठी मार आणि मानेवर छाती टाक, दहा सेकंद, मग सोड. पंच नाही, काही नाही. चौथ्या राऊंडला लहान मुलाच्या पोटऱ्या थरथरत होत्या, हात छातीवर आले होते, आणि तोंड उघडं पडलं होतं. नंतर म्हणाला सर, पंच लागले नाहीत पण मान उचलवत नाही. हे टीव्हीवर दिसत नाही. व्लादिमिर क्लिच्कोने जवळजवळ दहा वर्षं ह्यावर राज्य केलं, जॅब, जॅब, उजवा, आणि जवळ आलास की वरून ओझं. टायसन फ्युरीने (हा आजचा, वेगळा टायसन) फेब्रुवारी 2020 मध्ये वाइल्डरवर 124 किलो असेच टाकले, सातव्यात वाइल्डरच्या कॉर्नरने टॉवेल फेकला, आणि तो वाइल्डर 105 किलोचा होता! 84 किलोच्या मार्सियानोचं काय होईल विचार करा. तो आत पोचेल, तो सगळ्यांच्या आत पोचतो, पण आत पोचल्यावर दर वेळी 40 किलो जास्त असलेला माणूस मानेवर घेऊन उठायचं, आणि हे 12 राऊंड. नाही जमणार. लेनॉक्स लुईससमोर तर आत पोचायच्या आधीच अपरकट आहे.

लहान माणूस मोठ्याला हरवूच शकत नाही असं मात्र म्हणू नका. उसिकने मे 2024 मध्ये फ्युरीला हरवलं, डिसेंबरमध्ये परत हरवलं, आणि दुसऱ्या वेळी फ्युरी त्याच्यापेक्षा जवळजवळ 25 किलो जास्त होता. पण दोन गोष्टी बघा. उसिक स्वतः शंभराच्या वर आहे, 84 नाही. आणि तो मार्सियानोसारखा सरळ आत जात नाही, तो डावखुरा, पुढचा पाय सतत समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर, कोनातून मारतो आणि मिठी व्हायच्या आत निघून गेलेला असतो. पहिल्या फाइटच्या नवव्या राऊंडमध्ये फ्युरी रोपला धडकत धडकत उभा राहिला, रेफरीने काउंट दिला, ती सगळी आठ राऊंड पायांनी केलेली कमाई होती.

अली आणि मार्सियानोची फाइट 1969 मध्ये प्रत्यक्ष घडवलीही होती, म्हणजे कॅमेऱ्यासमोर. दोघांनी खऱ्या रिंगमध्ये मिनिटामिनिटाचे राऊंड हलक्या हाताने खेळले, शेवट वेगवेगळे शूट करून ठेवले आणि कॉम्प्युटरने ठरवलं असं सांगून अमेरिकेत मार्सियानो तेराव्यात जिंकताना दाखवला. मार्सियानोने त्यासाठी वजन बरंच उतरवलं होतं, आणि ते पडद्यावर यायच्या आधीच विमान अपघातात गेला. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य, अली तेव्हा खेळत नव्हता आणि मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. पण दोघांचं माप बघायला मिळतं, मार्सियानो किती खाली आहे आणि अलीला किती खाली मारावं लागतं, तेवढ्यासाठी बघा.

बाकीच्या दोन-चार जोड्या भरभर. फोरमन 1973 विरुद्ध टायसन 1988: फोरमन, आणि तीन राऊंडच्या पुढे जात नाही. टायसन फ्रेझियरपेक्षा सुरुवातीला जास्त घातक आहे हे मान्य, रॉन लाइलने 1976 मध्ये फोरमनला दोनदा पाडलंही होतं, पण त्याच माणसाने उठून लाइलला पाचव्यात संपवलं. जॅक जॉन्सनबद्दल लोक ती जुनी फिल्म बघतात, प्रोजेक्टरच्या वेगामुळे माणसं टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. ते सोडा आणि त्याचे पंजे बघा, समोरच्याचा पंच सुटायच्या आत तो दंडावरच अडवतो. बचाव आजही शिकवण्यासारखा. पण 45 राऊंडच्या हिशोबाने फाइट करणारा माणूस, 12 मध्ये पॉइंट्स गमावून बसेल.

लॅरी होम्सला कोणी ह्या गप्पांमध्ये घेतच नाही, हे मला खटकतं. वीस वेळा टायटल राखलं, हेवीवेटमधला माझ्या मते सगळ्यात चांगला जॅब, आणि शेव्हर्ससारख्याचा उजवा पूर्ण अंगावर घेऊन उठलेला माणूस. लोकांना आठवतो तो जानेवारी 1988 मध्ये टायसनने चौथ्यात पाडलेला होम्स, 38 वर्षांचा, पावणेदोन वर्षं रिंगपासून लांब. 1980 चा होम्स टायसनला दमवून हरवतो असं मी छातीठोक सांगतो.

आणि जो लुई. अलीसमोर नाही, कारण कॉनने बारा राऊंड जे पायांनी केलं तेच अली वीस किलो जास्त वजनाने करेल. पण लुईइतका अचूक हात मी दुसरा पाहिला नाही, सहा-आठ इंचात पूर्ण पंच. 1936 मध्ये श्मेलिंगने त्याची एक खोड पकडली, जॅब मारून डावा हात खाली परत येतो, आणि त्यावर उजवा मारत मारत बाराव्यात त्याला झोपवला. दोन वर्षांनी लुईने त्याच श्मेलिंगला पहिल्या राऊंडमध्ये दोन मिनिटं चार सेकंदात संपवलं. आणि 1941 मध्ये जानेवारी ते जून दर महिन्याला एक टायटल फाइट, आजचा चॅम्पियन वर्षाला एक-दोन खेळतो.

ह्याला उसिकसमोर लावा, ही मला सगळ्यात आवडती जोडी आहे. लुई दहाएक किलोने हलका, पण उंचीत इंचाचाच फरक. लुई आयुष्यभर उजव्यांशीच जास्त खेळला, डावखुरे हेवीवेट तेव्हा फारच कमी, पहिला डावखुरा हेवीवेट चॅम्पियन मायकेल मूरर झाला तोच मुळी 1994 मध्ये. उसिकचा पुढचा पाय बाहेर पडत राहणार, लुईचा उजवा पाच-सहा राऊंड हवेत जाणार, पॉइंट्स उसिककडे जमत जाणार. पण लुई घाई करत नाही, त्याची ती लहान लहान सरपटती पावलं रिंग कापत येतात, आणि उसिक एकाच जागी दोनदा उभा राहिला की झालं. बारा राऊंड ठरवले तर उसिक, पॉइंट्सवर. पंधरा ठरवले तर माझे पैसे लुईवर, तेराव्यात किंवा चौदाव्यात.